एकोणिसावा पट्टा

४ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहीत नाही. लिहिले तर पाकिटासकट परत पाठवशील. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तू मला लिहिली नाहीस, फिटंफाट झाली. पत्ता मावशीकडून काढून घेतला. तिला बोलू नकोस, ती देत नव्हती. मी दोन तास तिच्या ओट्यावर ठाण मांडून बसलो तेव्हा वैतागून दिला.

कामाचं लिहितो. आपला डोंगर तुला माहीत आहे. आजोबांच्या पिढीनं तो माथ्यापासून ओढ्यापर्यंत उभा चिरून सदतीस पट्टे केले, म्हणजे सगळ्यांना थोडं ऊन, थोडं पाणी. न्याय झाला, पण असा की एकाही पट्ट्यात ट्रक वळत नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी वर आग लागली. बंब खाली ओढ्यापाशी उभा राहिला, वर जायला रस्ताच नाही. आम्ही फांद्यांनी आग झोडपत बसलो. पंचविसाव्या पट्ट्यातली म्हातारी झोपडीतच गेली. दार उघडलं तेव्हा तिचा हात कडीला चिकटलेला होता, तो मला सोडवावा लागला. त्यानंतर मीच पुढाकार घेतला, म्हटलं आता पुरे.

जंगल खात्याकडून एक बाई येतात. बुटक्या, गळ्यात मोजायची फीत, आणि चिकाटी अशी की जळवेनं शिकवणी लावावी. आम्ही त्यांना आराखडेवाल्या बाई म्हणतो. सहा महिने त्यांनी छत्तीस घरी चहा प्यायला. सदतीस मालक म्हणजे सदतीस तोंडं, शेजाऱ्याचं पान आपल्या हद्दीत पडलं तरी भांडणारी. त्यांना एका कागदावर आणणं म्हणजे बेडकं तराजूत तोलायची. पण आणलं. सगळ्या डोंगराचा एकच आराखडा. कुठली झाडं कधी तोडायची, कुठली राखायची, आग अडवायला झाडं काढून मोकळी जाळरेषा कुठून न्यायची आणि मुख्य म्हणजे रस्ता कुठून.

रस्ता तुझ्या पट्ट्यातून वळतो. एकोणिसाव्यातच तेवढा उतार सौम्य आहे, बाकी सगळीकडे बोकडच चढावा. छत्तीस सह्या झाल्या, तुझी राहिली. तीस एप्रिलच्या आत सदतीस झाल्या नाहीत तर सगळं रद्द, रस्ता करायचं मशीन दुसऱ्या डोंगराला जाणार आणि आम्ही पुढचा उन्हाळा पुन्हा फांद्या घेऊन.

कागद सोबत आहे. शेवटी एक रकाना आहे, ‘या पट्ट्यात माणसाच्या जिवाला धोका होईल असं काय आहे’. लोकांनी जुनी विहीर लिहिली, मधमाश्या लिहिल्या. एकानं सासूबाई लिहिल्या, बाईंनी खोडायला लावलं. मंजुरीच्या सभेत सदतीसही कागद अध्यक्षानं मोठ्यानं वाचायचे असतात. अध्यक्ष मी आहे. तू त्या रकान्यात ‘काही नाही’ लिही आणि सही कर.

तुझी वहिनी बरी आहे. गुडघे दुखतात.

दादा


२१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. ‘माझा नवरा कसा मेला ते आधी लिही, मग सही.’ खाली नाव नाही, वर संबोधन नाही. घोडं अडलं की माणसं असंच करतात, मला कळतं.

तुला माहीत आहे तो कसा गेला. तू काही लहान नव्हतीस. हद्दीवरचं झाड तोडत होता, झाड उलटं फिरलं, चेनसॉ उसळली, मांडीत घुसली. जागीच गेला. मी त्याच्याबरोबर होतो, मीच त्याला खाली आणला. अजून काय लिहू? पुन्हा ते चेनचं काढू नकोस. दाते घासायला तू बसायचीस म्हणून तुला सगळ्यातलं सगळं कळतं असं नाही. अंगणात चार माणसांत मी तुला मारलं ते चुकलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, जपून ठेव.

इकडचं सांगतो म्हणजे तुला कळेल किती काम झालंय. आराखडेवाल्या बाईंनी एक पद्धत घातली आहे, हद्दफेरी. प्रत्येक मालकानं दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना घेऊन आपली हद्द चालायची आणि जे असेल ते तोंडानं सांगायचं. बाई मागून लिहीत येतात. भांडणाला भांडण लागतं, पण दिवस मावळायच्या आत मिटतं, कारण बाई मिटल्याशिवाय खाली उतरू देत नाहीत. तुझ्या पट्ट्याची फेरी तुझ्या वतीनं मी केली. पलीकडून बोका आला.

हो, तोच, विसाव्या पट्ट्यातला. तोच घारा, तसाच पाय न वाजवता चालतो. त्याच्याशी मी बारा-तेरा वर्षं बोललो नव्हतो. बाईंनी हद्दीवरचे तीन जुने बुंधे बघितले आणि विचारलं, ही कुणी तोडली? मी तोंड उघडणार तेवढ्यात बोका म्हणाला, “दोन मी, एक जावईबापूंनी. आमचं ठरलं होतं. हद्दीवरचं झाड दोघांचं, मग आलटून पालटून तोडायचं. एका वर्षी त्यांनी, एका वर्षी मी. लिहिलेलं काही नव्हतं, बोलणं होतं.”

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, “अहो, हेच तर मी सहा महिने सगळ्यांना सांगतेय. तुम्ही दोघांनी आधीच केलं होतं.”

बोका मला म्हणाला, “तुम्हाला ठाऊक नव्हतं? ते म्हणायचे, दादांना सांगू नका, ते डोक्यात राख घालून घेतील.”

मला उन्हाचा त्रास झाला. बुंध्यावर बसलो. बाईंनी पाणी दिलं. तुला हे ठाऊक होतं का? ठाऊक होतं आणि मला सांगितलं नाहीस?

सही पाठव. मी विचारलं ते लिहिलं नाहीस तरी चालेल.

दादा


१७ मार्च

धाकटे,

सही आली नाही. इथं काय झालंय ते वाच, मग ठरव.

वेळ कमी म्हणून रस्त्याची आखणी विसाव्या पट्ट्यापर्यंत सुरू केली. तुझ्या हद्दीला येऊन थांबायचं असं ठरलं. पण हद्दीवरची झाडं दोघांची, बोक्याची सही होती, म्हणून बाईंनी त्यांतल्या एकावर तोडीचा लाल पट्टा मारला. करवतवाला बाहेरचा आहे, तिशी-पस्तिशीचा, भावाबरोबर कामं घेतो. हसरा माणूस. परवा सकाळी त्यानं त्या झाडाला करवत लावली. मी वर होतो, आवाज ऐकून खाली आलो.

करवतीचा आवाज आपण जन्मभर ऐकला. लाकडात असते तेव्हा एका सुरात असते. हा आवाज तसा नव्हता. लोखंडावर लोखंड, आणि मग चाबूक ओढल्यासारखा एकच. चेन तुटून उलटी आली होती. त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला होता, आतले दात बाहेरून मोजता येत होते. डावा डोळा होता तिथं काही दिसत नव्हतं. तो पडला नाही. उभ्याउभ्या दोन्ही हातांनी तोंड धरून ठेवत होता आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत चाललं होतं. त्याचा भाऊ ओरडायचा सोडून त्याला सारखा एकच सांगत होता, “बोलू नको, बोलू नको.” जगला. डोळा गेला.

झाडात सहा इंची खिळा निघाला. डोकं आत ठोकलेला, वरून साल धरलेली. असा खिळा आपोआप येत नाही. कुणीतरी करवतीसाठी मारलेला.

मग लोकांचं डोकं फिरलं. त्यात काही नवल नाही. झाड बोक्याच्या हद्दीवर, आणि पहिल्या तीन सभांत रस्त्याला आडवा आलेला बोकाच. संध्याकाळी त्याला लाकडाच्या शेडमध्ये बोलावलं, सभा आहे म्हणून. तो वही-पेन घेऊन आला. आत पंचवीस-तीस जण. दार लावलं.

त्यानं नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. मग कुणी काय उचललं ते सांगता येणार नाही. ओंडके सरकवायच्या पहारी तिथं भिंतीला लावलेल्याच असतात. पायाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडते तसा नसतो, कोरडा असतो. तो रांगत ओंडक्यांच्या फटीत शिरायला बघत होता आणि लोक त्याला घोट्याला धरून मागे ओढत होते. यातल्या निम्म्यांना तू भाऊ म्हणायचीस. मी तिथं होतो. मी सोडवायला गेलो.

पाय दोन जागी, बरगड्या तीन. दवाखान्यात पोलिसांना त्यानं सांगितलं की ओंडका अंगावर आला. त्याच्या बायकोनं माझ्या दारात येऊन तुझ्या वहिनीला विचारलं, “आम्ही तुमचं काय केलंय?” वहिनी आत आली. तिनं मला विचारलं, मी ओरडलो.

आता काम बंद आहे. बाई म्हणतात, दुसरा खिळा नाही अशी खात्री झाल्याशिवाय एकही झाड पडणार नाही. मी म्हटलं, नसेल. तुझी सही आली तर निदान रस्ता कागदावर तरी उरेल.

दादा


२ एप्रिल

धाकटे,

‘करवतीचे सहा दाते एका रांगेत सरळ कापले होते. लाकडानं तसे कापले जात नाहीत. तेव्हा मी विचारलं तर तू मारलंस. खिळे कुणाचे?’

तुझी ही चार वाक्यं आठ दिवस खिशात घेऊन फिरतोय. अकरा वर्षांपूर्वी एक वाक्य ऐकून मी हात उचलला होता. आता एवढ्या लांबून हात पोचत नाही, म्हणून लिहावं लागतं.

खिळे माझे.

बाबांनी एकोणिसावा पट्टा तुला दिला तेव्हा मी काही बोललो नाही. मनात बोललो. सगळ्यात चांगला उतार, सगळ्यात सरळ झाडं, आणि दिली कुणाला तर परक्या घरी जाणाऱ्याला, आणि तो जावईही इथंच राहायला आला. असू दे म्हटलं, बहीण आहे, निदान राखण तरी मी करीन. मग हद्दीवर तोडलेले बुंधे दिसू लागले. दरवर्षी एक. तुझा नवरा भोळा, त्याला विचारलं की हसायचा, म्हणायचा, “असू दे हो दादा.” मला वाटलं, बोका तुमचं लुटतोय आणि हा हसतोय. बोक्याला विचारायला गेलो असतो तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपण होऊन बोलायचं, आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं. चोर ठरवला आणि शिक्षाही ठरवली.

भर दुपारी गेलो, सगळे जेवायला खाली असतात तेव्हा. तीन दिवस गेलो. त्रेचाळीस खिळे मारले, झाडाला एक. करवत जिथं लागते त्या उंचीला, कमरेखाली. डोकी दुसऱ्या जाड खिळ्यानं आत दाबली, वर माती आणि साल चोपडली. हात इतका बसला होता की शेवटचे मलाच सापडेनात. मनात म्हटलं, बोक्या, आता लाव करवत. त्याची चेन तुटेल, घाबरेल, पुन्हा येणार नाही एवढंच मनात होतं असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्याचं काय होईल ते मला चांगलं ठाऊक होतं. मी करवती हाताळत मोठा झालोय.

त्या वर्षी तोडायची पाळी तुझ्या नवऱ्याची होती.

त्या दिवशी तो मला म्हणाला, “दादा, जरा दोर धरायला चला.” कुठलं झाड ते सांगितलं नाही. तिथं पोचलो तर त्यानं हद्दीच्या झाडाला करवत लावली. मी म्हटलं, हे नको. तो म्हणाला, “का?” मला कारण सांगता येईना. बोका वीस पावलांवर त्याच्या हद्दीत फांद्या छाटत होता. मी नुसता ‘नको’ म्हणालो. तो हसला आणि करवत सुरू करायची दोरी ओढली.

आणि गेल्या महिन्यात, धाकटे, पुन्हा तेच. मी वर नव्हतो. मी त्या करवतवाल्याच्या शेजारी उभा होतो. मी म्हटलं, हे राहू दे. तो म्हणाला, “का मालक?” बाई तिथं, बोका तिथं, माझ्या जिभेला पुन्हा तेच झालं. “राहू दे म्हटलं ना.” तो हसला. ही सगळी माणसं अशीच हसतात का?

अजून एक. शेडमध्ये मी सोडवायला गेलो नव्हतो. पहिला फटका माझा. सगळे नुसते ओरडत होते, कुणी हात लावत नव्हतं. बोका माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही तरी सांगा, अध्यक्ष आहात.” त्यानं माझ्याकडे बघितलं ते मला सहन झालं नाही. मी पहार उचलली. पाय मी मोडला. मग बाकीच्यांना धीर आला. पाच-सहा फटके मारले आणि मारताना मला हलकं वाटत होतं. हे मी कुणाला सांगू? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, आपल्या घरात दांडा मी.

झालं. तुला हवं होतं ते लिहिलं. आता तू तुझा शब्द पाळ, सही पाठव. ‘काही नाही’ लिही. माझं ऐक. खिळे मी एकटा काढीन, दुपारी जाईन, महिना लागला तरी चालेल. कुणाला कळायची गरज नाही. बोक्याचा पाय बसेल, त्याचा दवाखाना मी बघतोय. बाकी डोंगराचं तर भलं होऊ दे. पंचवीसमधल्या म्हातारीसारखं अजून कुणाला जळू द्यायचं का, माझ्यावरच्या रागापायी?

हे पत्र जाळ.

दादा


२७ एप्रिल

धाकटे,

अक्षर डाव्या हाताचं आहे, वाचता येईल तेवढं वाच. आठ दिवस दवाखान्यात होतो, काल घरी आणलं. वहिनी शेजारच्या खोलीत आहे. ती माझ्याशी बोलत नाही, पण खिडकीपाशी पाटी आणि कागद तिनंच आणून ठेवले.

तुझा कागद अठरा तारखेला मिळाला, सभेच्या सकाळी. सही बघितली आणि पाकीट तसंच बंडीच्या खिशात घातलं. वाटलं, धाकटीनं ऐकलं. आतला रकाना बघायचा धीर झाला नाही, किंवा बघायची गरज वाटली नाही, दोन्हीतलं काय ते आता सांगता येत नाही.

शेडमध्ये सगळे होते. तू आणि मी सोडून पस्तीस मालक, बाई, करवतवाला तोंडाला पट्ट्या बांधून पहिल्या रांगेत, शेजारी भाऊ. बोक्याला खुर्चीत बसवून आणलं होतं, पाय प्लॅस्टरमध्ये पुढं फळीवर. त्याच्याशेजारी कुणी बसलं नव्हतं. मी वाचायला लागलो. पहिला पट्टा, धोका: काही नाही. दुसरा पट्टा, धोका: पडकी विहीर. असे अठरा वाचले, एका लयीत. एकोणिसावा काढला आणि त्याच लयीत वाचला. धोका: खिळे. किती आणि कुठल्या झाडांत ते माझ्या भावाला विचारा, त्यानंच मारले आहेत.

तू समजशील, दादाला शेवटी शहाणपण सुचलं. नाही. कागद माझ्या हातात, चष्मा माझ्या नाकावर, ‘काही नाही’ म्हणायला काय लागतं? पण तोंड वाचत होतं आणि मी मागून ऐकत होतो. ऐकून झाल्यावर पुढच्या रांगेत बघितलं. करवतवाल्याचा एकच डोळा उरलाय, तो माझ्यावर होता.

कुणीतरी विचारलं, “किती?”

मी म्हणालो, “त्रेचाळीस.”

खुर्च्या पडल्या. बाई मध्ये आल्या, त्यांना बाजूला ढकललं. मला भिंतीपर्यंत नेलं तेव्हा बोका खुर्चीतून म्हणाला, “आत्ता मारू नका. आधी झाडं दाखवू दे, नाहीतर ती कुणाला सापडायची नाहीत.” मोठ्यानं नाही बोलला. सगळ्यांनी ऐकलं.

तिथून सरळ हद्दीवर नेलं. बाईंनी धातू शोधायचं यंत्र आणलं होतं, पण लोकांना ते यंत्र नको होतं, मी हवा होतो. मी झाड दाखवायचं, त्यांनी साल काढायची, खिळा निघाला तर पुढं. निघाला नाही तर करवतवाल्याचा भाऊ मारायचा. अकरा वर्षांत झाडं जाड झाली, साल बदलली. करवतवाल्याच्या झाडातला धरून एकतीस निघाले. बाकीचे शोधताना माझे पुढचे दात गेले, कान फाटला. पडलो की उठवायचे. शेवटी त्या भावानं माझा उजवा हात एका जुन्या बुंध्यावर ठेवला, दोघांनी मनगट धरलं आणि त्यानं खिळे काढायच्या हातोड्यानं बोटं फोडली. एकेक, अंगठ्यापासून. तो रडत होता. मी बेशुद्ध झालो नाही, व्हायला हवं होतं.

बारा झाडं सापडली नाहीत. यंत्रालाही नाहीत, खोल गेलेत म्हणतात. त्या टप्प्यातल्या सगळ्या झाडांना पांढरे पट्टे मारून ती आराखड्यातून काढली, तिथं कधी करवत लागणार नाही. रस्ता वीस पावलं खालून वळवला, तरी तुझ्याच पट्ट्यातून जातो. आराखडा मंजूर झाला. सदतीसपैकी सदतीस. अध्यक्ष आता बाराव्या पट्ट्यातली शिक्षिका आहे. मशीन सोमवारी येतंय.

पोलीस दवाखान्यात आले होते. मी जबाब दिला. तुझा नवरा, करवतवाला, बोक्याचा पाय, सगळं माझ्या नावावर सांगितलं. बरं झाल्यावर नेतील. मला मारणाऱ्यांची नावं सांगितली नाहीत, अंधार होता म्हणालो. भर दुपार होती.

एक गोष्ट जबाबात सांगितली नाही. ती पोलिसांची नाही, तुझी आहे. सहीच्या कागदाला तू चिठ्ठी टाचली होतीस: ‘तो शेवटी काही बोलला का? खरं लिही.’

तो जागीच गेला नाही. चेन मांडीच्या आतल्या बाजूला लागली होती, रक्त उसळून येत होतं. मी दोन्ही हात आत घालून दाबून बसलो होतो. मी कुणाला हाक मारली नाही, कारण हाक मारली तर बोका येईल आणि झाड बघेल. तरी तो आला, आवाज ऐकून धावत आला. त्यानं आपला कमरेचा पट्टा काढून मांडीला आवळला, तुझ्या नवऱ्याला खांद्यावर टाकून खाली आणलं, आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं आणि त्या खडकाळ वाटेनं तो ट्रॅक्टर असा पळवला की दोनदा उलटायचा राहिला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं, मी एकट्यानं आणला.

ट्रॉलीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो शुद्धीवर होता. पांढरा पडला होता, पण शब्द नीट येत होते. त्यालाही दाते कापले गेलेली चेन ओळखता यायची, त्याला कळलं होतं कशावर लागली. म्हणाला, “दादा, लोखंड होतं. खिळा होता. कुणी मारला असेल?”

पुढं बोका ट्रॅक्टर चालवत होता. इंजिनच्या आवाजात त्याला काही ऐकू जाणार नव्हतं. त्याचा सदरा तुझ्या नवऱ्याच्या रक्तानं पाठीपर्यंत भिजला होता. मी हनुवटीनं त्याच्याकडे दाखवलं.

तुझ्या नवऱ्याला आधी समजलं नाही. मग समजलं. म्हणाला, “तो? आमचं तर ठरलं होतं.” काय ठरलं होतं ते मी विचारलं नाही. पुढं तो काही बोलला नाही. दवाखाना येईपर्यंत जिवंत होता, धाकटे, आणि सगळा वेळ बोक्याच्या पाठीकडे बघत होता.

दादा